नऊ दिवसांत पाच बेटं कशाला, एकाच बेटावर सात आठवडे राहा की

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत कॅरिबियनवर एक पान आलं होतं, नऊ दिवसांत पाच बेटं, क्रूझवरचं जेवण, निळ्या पाण्यापुढे हात पसरून काढलेले फोटो वगैरे. त्यावर पुढच्या रविवारी एका वाचकांचं पत्र छापलंत की असल्या ठिकाणी महिना महिना जाऊन पडणं म्हणजे श्रीमंतांचे चोचले, सामान्य माणसाला त्याचं काय. दोन्ही वाचून माझे हात शिवशिवायला लागले, कारण मी श्रीमंत नाही, सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये ३१ वर्षं काढलेला रिटायर्ड केमिस्ट आहे आणि मी बार्बाडोसला सात आठवडे जाऊन पडून आलोय. पत्र लांबणार आहे हे आधीच सांगतो, हवी तिथे कात्री लावा, फक्त उसाचा भाग कापू नका.

आधी चोचल्यांचं बघू. आमची मुलगी टोरांटोला असते. २०२४ च्या सप्टेंबरात आम्ही दोघं तिच्याकडे सहा महिन्यांसाठी गेलो, दिवाळीपर्यंत झकास होतं, पण नोव्हेंबर संपत आला आणि माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला. बाहेर बर्फ, घसरायची भीती, त्यामुळे दिवसभर हॉल ते किचन, किचन ते हॉल येरझाऱ्या. मुलगी म्हणाली बाबा तुम्ही असेच बसून राहिलात तर मार्चमध्ये तुम्हाला उचलून विमानात घालावं लागेल. तिकडची पेन्शनर मंडळी हिवाळ्यात सरळ दक्षिणेला उडतात, फ्लोरिडा, मेक्सिको, क्युबा, बार्बाडोस, त्यांना स्नोबर्ड म्हणतात, आपल्याकडे उजनीच्या बॅकवॉटरला फ्लेमिंगो येतात तसंच समजा. जावयांच्या ऑफिसातल्या एका बाईंचा बार्बाडोसला छोटा फ्लॅट आहे, त्या वर्षी त्या जाणार नव्हत्या, म्हणाल्या जा, लाईटबिल भरा आणि थोडंफार भाडं द्या. असं आमचं नशीब. त्यामुळे दोघांचा मिळून खर्च आम्ही २०१७ ला केलेल्या युरोप टूरच्या आसपासच आला, फक्त ती टूर बारा दिवसांची होती आणि हे एकोणपन्नास दिवस. ओळखीशिवाय गेलात तर डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत तिथला सिझन असतो आणि भाडी ऐकून डोळे पांढरे होतात, हे पण खरंय, लपवत नाही.

युरोप टूरचं नाव निघालंच तर सांगतो (कंपनीचं नाव घेत नाही). पहाटे वेक-अप कॉल, बॅगा खोलीबाहेर, बस, उतरा, फोटो, बस. परत आल्यावर शेजाऱ्यांनी विचारलं स्वित्झर्लंड कसंय, तर आमची ही म्हणाली बसच्या काचेला बाहेरून पाणी होतं एवढं आठवतंय. आता तुम्हीच आठवा, लहानपणी आपण सुट्टीत मामाच्या गावाला जायचो ते ‘बघायला’ जायचो का? राहायला जायचो. दीड महिना. तिथल्या म्हशींची नावं पाठ व्हायची, कुठल्या विहिरीचं पाणी गोड ते कळायचं, कुणाचं कुणाशी पटत नाही ते पण कळायचं, आणि त्याला कोणी चोचले म्हणत नव्हतं. हल्ली आपण फक्त फिरायला जातो, राहायला जाणं बंदच झालंय. माझं म्हणणं एवढंच आहे की परदेशात सुद्धा राहायला जाता येतं.

तर बार्बाडोस. ४३१ चौरस किलोमीटरचा देश, आपली मुंबई ६०३ ची, म्हणजे मुंबईहून लहान. वस्ती पावणेतीन-तीन लाखांच्या दरम्यान, आमच्या सांगली-मिरज-कुपवाडला २०११ लाच पाच लाखांवर माणसं होती. लांबी ३४ किलोमीटर आणि रुंदी २३, त्यामुळे नऊ दिवसवाल्यांना वाटतं एका सकाळीत उरकेल, आणि उरकतं पण. आम्हाला मात्र सातव्या आठवड्यात पण नवीन गल्ली सापडत होती. बाकीची बेटं एका कमानीत ओळीने उभी आहेत, हे एकटंच पूर्वेला अटलांटिकमध्ये पुढे जाऊन बसलंय. बेट जवळपास सगळं प्रवाळाच्या चुनखडकाचं, पाऊस त्यातून झिरपून गाळला जातो, म्हणून नळाचं पाणी थेट पितात. मी पहिले चार दिवस उकळून प्यायलो, मग घरमालकीणबाईंचा फोन आला तेव्हा त्या एवढ्या हसल्या की गॅस बंद केला.

हवा मात्र काय सांगू. डिसेंबर ते मे कोरडा मोसम, दिवसा २८-२९, रात्री २३-२४, आणि ईशान्येकडून सतत वारा. भूगोलात व्यापारी वारे पाठ केले होते, वायव्य की ईशान्य यात नेहमी एक मार्क जायचा, ते वारे पासष्टाव्या वर्षी अंगावर घेतले. घाम येतो आणि वाळतो, कळतच नाही. तिसऱ्या आठवड्यात मी जिना कठड्याला न धरता उतरलो हे हिच्या आधी लक्षात आलं, मग माझ्या.

त्याचं अर्धं श्रेय समुद्राला. आम्ही दक्षिण किनाऱ्यावर वर्दिंग नावाच्या भागात होतो. सकाळी साडेपाच-सहाला तिथली म्हातारी माणसं समुद्रात उतरतात, पोहायला नाही हं, नुसती गळ्याइतक्या पाण्यात उभी राहतात, सात-आठ जणांचं कोंडाळं करून, डोक्यावर टोप्या, आणि तासभर गप्पा. त्याला सी बाथ म्हणतात. कोणाची सून कशी, सरकार काय करतंय, कोण गेलं, आपल्या पारावरच्याच गप्पा, फक्त पार पाण्यात. नुसतं बसून गप्पा हाणण्याला त्या सगळ्या बेटांवर लाइमिंग असा शब्द आहे, मला तर तो शब्द इस्लामपूरच्या एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीसाठीच बनवलाय असं वाटलं. पहिल्या दिवशी मी लांब उभा होतो. दुसऱ्या दिवशी एका आजींनी ओरडून विचारलं तुम्हाला गुड मॉर्निंग म्हणायला येत नाही का. हा तिथला मोठा नियम आहे, दुकानात शिरा, बसमध्ये चढा, कोंडाळ्याजवळ जा, आधी गुड मॉर्निंग, मग काम. नाहीतर तुम्ही उद्धट. त्यानंतर मी रोज कोंडाळ्यात. एकदा पाठीवर तरंगायला पण शिकलो, हिने काठावरून व्हिडिओ काढला, त्यात फक्त माझं पोट दिसतंय.

किनारे सगळ्यांसाठी खुले आहेत, पंचतारांकित हॉटेलसमोरच्या वाळूत पण तुम्ही चटई टाकू शकता. अडचण असते ती त्या वाळूपर्यंत पोचायच्या वाटांची, रस्त्याच्या बाजूने बंगले नि हॉटेलं इतकी खेटून उभी राहिलीत की समुद्र फटीतून दिसतो, आणि यावर तिथले लोक वैतागलेले आहेत. गोव्यातल्या लोकांना हे नवीन नाही. पश्चिम किनाऱ्याचं पाणी तळ्यासारखं शांत, पूर्वेला बाथशिबाला मात्र अटलांटिक असा आपटतो की पाय बुडवायची सुद्धा हिंमत होत नाही. आणि एक झाड सांभाळा, मँचिनील. हिरव्या छोट्या सफरचंदासारखी फळं, सगळं झाडच विषारी, पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तर पानांवरून गळणाऱ्या पाण्याने अंगावर फोड येतात. बुंध्याला लाल पट्टा मारलेला असतो. आपल्याकडे झाडाला पट्टा दिसला की आपण फॉरेस्ट खात्याची मोजणी समजतो, मी पण तेच समजून सावलीत बसणार होतो.

रात्रीचं सांगायचं राहिलंच. पहिल्या दोन रात्री आम्ही फ्रीज, फॅन, इन्व्हर्टर सगळं तपासलं, कुठून तरी शिट्टीसारखा आवाज येतोय, बंदच होत नाही. ते बेडूक निघाले, नखाएवढे झाडावरचे बेडूक, रात्रभर शिट्ट्या घालतात. टोरांटोला परत गेल्यावर त्या शांततेत मला झोप लागेना.

आता खाणं. हिचं माहेर मालवण. मी देशावरचा, मला वाटलं ही पहिल्याच आठवड्यात भाकरीसाठी रडेल. झालं उलटंच. शनिवारी राजधानीत, ब्रिजटाऊनला, चीपसाईडच्या बाजारात गेलो तर ही एका गाड्यापुढे थबकली आणि ओरडली, अहो नीरफणस! तिथे ब्रेडफ्रूट म्हणतात, भाजून, उकडून, कुस्करून खातात. हिने त्याच संध्याकाळी हळद, तिखट, रवा लावून काप तळले आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंना नेऊन दिले. त्या बाईंनी जन्मभर ब्रेडफ्रूट खाल्लेला पण हळद लावून कधी नाही, मग त्यांनी आम्हाला जे दिलं ते ऐका. ख्रिसमसला तिथे जग-जग नावाचा प्रकार करतात, ओली तूर आणि गिनी कॉर्नचं पीठ, त्यात खारवलेलं मांस. गिनी कॉर्न म्हणजे काय हे बघायला पिशवी मागवली तर ज्वारी! तूर आणि ज्वारी, म्हणजे सोलापूरच की. बाईंना सांगितलं आमच्याकडे याची रोज भाकरी करतात, त्यांना पटेना, मग हिने थापून दाखवली, जरा चिरली पण फुगली. ख्रिसमसचं लाल सरबत असतं, सॉरेल, ते लाल अंबाडीच्या बोंडांचं, आले-लवंग घालून. गोल्डन ॲपल म्हणून जे विकतात तो आपला आंबाडा, तोच काटेरी कोयीचा, फक्त थोराड. चिंचेच्या साखरेत घोळवलेल्या गोळ्या तर शाळेबाहेरच्याच. आणि नोव्हेंबरात स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराला काँकीज करतात, मक्याचं पीठ, नारळ, लाल भोपळा, बेदाणे घालून केळीच्या पानात उकडलेलं. बाईंनी फ्रीजरमधल्या दोन काढून दिल्या, हिने पान सोडलं आणि गप्पच झाली, म्हणाली पातोळ्या आहेत ह्या, हळदीचं पान तेवढं चुकलंय.

त्यांचं राष्ट्रीय जेवण म्हणजे कुकू आणि उडणारा मासा. कुकू मक्याच्या पिठाचं, भेंडी घालून घोटलेलं, घोटायला खास चपटी लाकडी काठी असते. भेंडीच्या बुळबुळीतपणाचा एवढा सदुपयोग मी कुठे पाहिला नाही. शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सला मासे भाजतात तिथे सगळं बेट लोटतं, गाणी, धूर, गर्दी, आम्ही दोनदा गेलो, तेवढं पुरे. महागाई मात्र जबरी आहे. बरंचसं सामान बोटीने येतं आणि वर साडेसतरा टक्के व्हॅट. त्यांचा डॉलर १९७५ पासून अमेरिकन डॉलरच्या निम्म्यावर बांधलेला आहे, दोनाला एक, त्यामुळे हिशेब सोपा पण आकडा दुखतो. एक फ्लॉवर घेताना मी मनात रुपये केले आणि परत ठेवला. बस बरी, साडेतीन डॉलर, कुठेही जा, पाच मिनिटांचा प्रवास असो की बेटाच्या टोकाला, तेच. निळ्या सरकारी, पिवळ्या खाजगी, आणि पांढऱ्या झेडआर नावाच्या व्हॅन, त्यात आपल्या वडाप जीपसारखं कोंबतात, गाणी एवढी मोठ्याने की छाती हादरते. ही दोन वेळा बसली, मग म्हणाली मी चालत येते. चालायला रस्त्याला फूटपाथ नाहीत ही आणखी एक गंमत. हेस्टिंग्ज ते रॉकली समुद्राकाठी लाकडी फळ्यांची वाट केलीय ती तेवढी म्हाताऱ्या माणसांना छान.

क्रिकेटवर लिहीन तर वेगळी पुरवणी काढावी लागेल म्हणून थोडक्यात. सी बाथच्या कोंडाळ्यात एक माजी बस ड्रायव्हर होते, वय ७८. मी इंडिया म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न सचिन नाही, विराट नाही, सरदेसाई! १९७१ ला केन्सिंग्टन ओव्हलवर दिलीप सरदेसाईंच्या १५० त्यांनी उन्हात बसून पाहिल्या होत्या, त्याच मॅचला गावसकरांनी दुसऱ्या डावात नाबाद ११७ करून टेस्ट वाचवली. वाडेकरांनी जिंकलेली ती सिरीज आपल्याला त्रिनिदादमुळे आठवते, बार्बाडोसवाल्यांना बार्बाडोसमुळे. १९६२ ला इथेच ग्रिफिथचा बॉल नरी कॉन्ट्रॅक्टरांच्या डोक्याला लागला आणि त्यांना रक्त द्यायला फ्रँक वॉरेल, चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर गेले, वॉरेल तर समोरच्या टीमचे. तो किस्सा काकांनी मला पाण्यात उभं राहून सांगितला, जसा काल झालाय. मग मी १९९७ काढलं, १२० करायचे होते आणि आपण ८१ ला गुंडाळलो, ती जखम अजून ओली आहे. काका म्हणाले, जूनमध्ये भरली की. २९ जून २०२४, त्याच ग्राउंडवर टी-ट्वेंटी फायनल, दक्षिण आफ्रिकेला ३० बॉलमध्ये ३० हवे होते तरी आपण सात रनांनी जिंकलो, रोहितने पिचवरचं गवत तोंडात घातलं. दोनच दिवसांनी बेरिल वादळ बाजूने गेलं, आपली टीम हॉटेलात अडकली आणि इथल्या कोळ्यांच्या बोटींचा चुराडा झाला. पहिली बातमी आपल्या पेपरात पहिल्या पानावर होती. दुसरी मी काकांकडून ऐकली, त्यांच्या भाच्याची बोट त्यात गेली.

ख्रिसमसच्या संध्याकाळी साडेसातला (आपल्याकडे पहाटेचे पाच) मेलबर्नची टेस्ट सुरू झाली तेव्हा काका आमच्याकडे बसायला आले, बुमराहसाठी. त्याच दिवशी सकाळी त्यांनी आम्हाला क्वीन्स पार्कला नेलं होतं. चर्च सुटलं की सगळे नटूनथटून तिथे जातात, बायकांच्या टोप्या बघण्यासारख्या, पोलीस बँड वाजवतो. त्या बागेत एक गोरखचिंचेचं प्रचंड झाड आहे, आफ्रिकेतलं. त्याच्या बुंध्याला हात लावून काका म्हणाले, हे पण आमच्यासारखंच आणलेलं.

आता उसाकडे येतो, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं.

डिसेंबरच्या शेवटी आम्ही बसने बेटाच्या मधल्या भागात गेलो आणि मी खिडकीतून ओरडलो, तुरे! दोन्ही बाजूंना उसाला तुरे आलेले, वाऱ्यावर चांदीसारखे हलतायत. तिथे त्याला ॲरो म्हणतात, बाण. तिथल्या लोकांना ते बघून ख्रिसमस आल्यासारखं वाटतं. आमच्याकडे तुरा म्हणजे शेतकऱ्याच्या कपाळाला आठी, वाढ थांबली, तोड लवकर द्या म्हणून कारखान्यावर रांग. मी तिथेच उतरून एक कांडं हातात घेतलं, माझ्याकडे रिफ्रॅक्टोमीटर (रसातली गोडी मोजायचं उपकरण) नव्हता म्हणून दातानेच ब्रिक्स, म्हणजे गोडीचा आकडा, पाहिला.

ह्या बेटाचा आणि माझ्या पगाराचा संबंध मला ३१ वर्षांत कोणी सांगितला नव्हता. १८८८ च्या सुमाराला हॅरिसन आणि बोव्हेल या दोघांनी बार्बाडोसला दाखवून दिलं की उसाच्या तुऱ्यात उगवणारं बी असतं, जावा बेटावर पण त्याच सुमाराला हे कळलं. त्याआधी ऊस म्हणजे कांडी लावायची, बस्स, संकर करून नवीन जात काढायचा प्रश्नच नव्हता. ते बी कळलं म्हणून मग जगभर पैदास केंद्रं निघाली, आपलं कोइमतूरचं १९१२ ला निघालं, आणि आमच्या वाळव्यात आज ज्याच्या त्याच्या रानात उभा असलेला को ८६०३२ जातीचा ऊस ही त्याच वंशावळीची कृपा. वेस्ट इंडिजचं पैदास केंद्र अजून बार्बाडोसलाच आहे. आणि आख्ख्या बेटावर चालू कारखाना उरलाय एक, पोर्टव्हेल. एक! आमच्या जिल्ह्यात संध्याकाळी गच्चीवर उभं राहिलं तर दोन-तीन धुराडी दिसतात.

पण हा अभिमानाचा भाग झाला. पुढचा भाग असा की १६२७ ला इंग्रज इथे उतरले, आधी तंबाखू-कापूस लावून पाहिला, मग १६४० नंतर ब्राझीलमधल्या डचांकडून उसाचं तंत्र आलं, आणि बघता बघता सगळं जंगल तोडून ऊस झाला. राबायला आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं. व्यापारी वाऱ्यावर पवनचक्क्या फिरवायच्या आणि त्यावर चरक, मॉर्गन लुईसची एक चक्की अजून उभी आहे. १६६१ ला गुलामांसाठीचा कायदा याच बेटावर लिहिला आणि तो पुढे जमैकाने आणि कॅरोलिनाने उचलला. चरकात माणसाचा हात गेला तर यंत्र थांबवायला वेळ लागतो, म्हणून हात तोडायला शेजारी कुऱ्हाड ठेवत. गुऱ्हाळावर वाढलेल्या कुठल्याही माणसाला हे वाचताना स्वतःचा हात मागे घ्यावासा वाटेल, आमच्या भावकीतच एकाचा पंजा चरकात गेलाय.

न्यूटन म्हणून एक मळा होता, तिथे उसाच्या रानालगतच गुलामांची दफनभूमी आहे. सुमारे ५७० माणसं. दगड नाही, नाव नाही, नुसतं चढ-उताराचं गवत आणि एक पाटी. आम्ही दोघंच होतो, वारा होता, पलीकडे ऊस सळसळत होता, तोच आवाज जो मी जन्मभर ऐकतोय. १८१६ ला बुसा नावाच्या गुलामाच्या पुढाकाराने उठाव झाला, मोडून काढला, सुटका व्हायला १८३४ आणि खरं तर १८३८ उजाडलं. बुसाच्या नावाने ओळखला जाणारा तुटक्या साखळ्यांचा पुतळा एका चौकात आहे, बसमधून रोज दिसायचा. नऊ दिवसांत पाच बेटंवाल्यांना न्यूटन दाखवत नाहीत, मी विचारलं. बघण्यासारखं तिथे काही नाही म्हणे. मला मात्र तिथे बीडहून येणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आठवल्या. तुलना करत नाही, ते गुलाम नव्हेत, पण पहाटे थंडीत बायका डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढताना मी ३१ वर्षं गेटपाशी पाहिल्या आणि लॅबमध्ये जाऊन फक्त रिकव्हरी (उसातून किती टक्के साखर निघते ते) मोजली, हे माझ्या मनात त्या गवतावर उभं असताना आलं, आणि ते जात नाही.

ही बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, चला, पाच वाजलेत, बस चुकेल.

आमचं गाळप बघायचं मात्र राहिलं, तिथला हंगाम साधारण फेब्रुवारीच्या शेवटाला लागतो आणि आम्ही पहिल्याच आठवड्यात निघालो. मळीचं ते रम करतात, माउंट गे नावाच्या डिस्टिलरीचा कागद १७०३ चा आहे. आपण मळीचं इथेनॉल करून गाडीत ओततो, ते गळ्यात, एवढाच फरक. गावोगाव रम शॉप असतात, डॉमिनो आपटत बसलेली माणसं, मी लिंबूपाणी घेऊन बसायचो, कोणी काही म्हणालं नाही.

दोन-तीन कामाच्या गोष्टी. भारतीय पासपोर्टला बार्बाडोससाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण मधे जिथे विमान बदलता त्या देशाचे ट्रान्झिटचे नियम बघून घ्या, तिथेच लोक अडकतात. टोरांटोहून थेट विमान पाच तासांचं. तरुण पोरांना लॅपटॉपवर काम करत वर्षभर राहायचं असेल तर २०२० पासून वेलकम स्टँप नावाचा परवाना आहे. डास आहेत, डेंग्यू असतो, मेडिकल इन्शुरन्स घ्या. जून ते नोव्हेंबर वादळाचे महिने. आणि लष्करी छापाचे कपडे नेऊ नका, तिथे ते घालणं गुन्हा आहे, लहान मुलांना सुद्धा. नातवाची तसली चड्डी मुलीने ऐनवेळी बॅगेतून काढली.

तुमच्या लेखातली एक चूक पण दुरुस्त करा. त्यात सरसकट लिहिलंय की कॅरिबियनमध्ये ऊस तोडायला भारतातून गिरमिटिये, म्हणजे करारावर बांधलेले मजूर, नेले. ते मुख्यतः त्रिनिदादला, गयानाला, सुरिनामला. त्रिनिदादला पहिलं जहाज ३० मे १८४५ ला लागलं. बार्बाडोसला नेले नाहीत, कारण सुटका झालेल्या माणसांना तिथे जायला दुसरी जमीनच नव्हती, ती त्याच मळ्यांवर राहिली, बाहेरून मजूर आणायची गरज पडली नाही. तिथे भारतीय आले ते विसाव्या शतकात, सुरतेकडचे गुजराती मुसलमान, दारोदार उधारीवर कापड विकत, आणि सिंधी दुकानदार, ब्रिजटाऊनच्या स्वान स्ट्रीटवर त्यांची दुकानं आहेत. त्यातल्या एका दुकानात मला तुरीची डाळ मिळाली. मराठी माणूस सात आठवड्यांत एक भेटला, बोटीवरून उतरलेला, पुण्याचा, त्याच्याकडे तिथे बघायला चार तास होते आणि तो मला विचारत होता इथे बघण्यासारखं काय आहे.

येताना मी अर्धा किलो तिथली तांबूस साखर आणली. ही चहात घालू देत नाही, म्हणते वास येतो. गेल्या आठवड्यात लॅबमधला जुना सहकारी आला होता, त्याला पुडी दाखवली. त्याने चिमूटभर तळहातावर घेतली, खिडकीपाशी उजेडात धरून दाणा पाहिला, जिभेवर ठेवली आणि म्हणाला, सेंट्रिफ्युगलवाला (यंत्रात फिरवून दाण्यावरची मळी काढतो तो) झोपला होता वाटतं, मळी राहिलीय की हो हिच्यात. मग अजून एक चिमूट घेतली.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शुगर केमिस्ट,
ता. वाळवा, जि. सांगली